बांड्या वळला

आवाज झाला आणि बांड्या वळला.

त्याच्या ओढीनं जोडीचा बैल वळला, बैलांमागं बंडी वळली. पुढे बसलेल्या सोमाजीनं कासरा सैल सोडला आणि हात जोडले.

"जय मार्कंडादेवा! पावला रे बाप्पा!"

मागे तणसावर आडवा पडलेला त्याचा धाकटा भाऊ मुखरू मात्र डोळे मिटूनच होता. उशाशी हनुवटीपर्यंत पदर ओढून बसलेली मुखरूची बायको भागीरथा पदराआड घामाघूम झाली. कारण तो आवाज मुखरूचा नव्हता. तिचा होता.

एवढ्याशा आवाजाची एवढी थोरवी का, तर त्याचं मूळ एका अस्वलात आहे. मोहफुलं वेचताना अस्वलानं मुखरूचं पोट फाडलं होतं. चांद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ते शिवलं, माणूस वाचवला. पण आतली आतडी एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. मधूनच कधीतरी आतडं मुडपायचं आणि वाट बंद व्हायची. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, कळा यायच्या, हिरवी ओकारी सुरू व्हायची. असं झालं की घरी थांबायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वारा सरला तर समजायचं, वाट मोकळी झाली.

तेव्हापासून त्या घरात वाऱ्याला देवाचा मान आला. मुखरूला कळ आली की सोमाजी बंडी जुंपायचा. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, पण त्या गावाला रस्ता अजून यायचा होता. गावाबाहेरच्या नाल्याच्या उतारावर बंडी अशी काही आदळायची, की मुखरूचा बंद पडलेला कारभार हमखास सुरू व्हायचा. मग सोमाजी देवाचं नाव घ्यायचा आणि तिथूनच बंडी माघारी. हे इतक्यांदा झालं, की बांड्या हुकमाची वाट पाहीनासा झाला. आवाज ऐकायचा आणि वळायचं, हे त्याला पाठ होतं.

आज नाला आला, बंडी आदळली, पण बोललं ते भागीरथाच्या पोटातलं लाखोळीच्या डाळीचं वरण. निघायच्या घाईत तिनं ते कसंबसं गिळलं होतं.

खरं सांगून टाकायचं, यात अवघड काय? पण सोमाजी तिचा भासरा. नवऱ्याच्या थोरल्या भावाला तोंड दाखवायचं नाही आणि त्याच्यापुढे तोंड उघडायचंही नाही. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर मुखरूमार्फत सांगायची. तो नसला तर भिंतीला, मांजरीला, नाहीतर बैलाला. सोमाजीही तसाच. 'मांजरे, बाईले सांग, भात वाढ म्हना.' मांजर बिचारी दोघांकडे आळीपाळीनं बघत बसायची. आणि आता इतक्या वर्षांनी पहिलं अक्षर काढायचं, तर ते हे?

तिनं नवऱ्याच्या पोटावर हात ठेवला. पोट तसंच टणक होतं. सोमाजी मजेत भजन गुणगुणत होता आणि गावाची झाडं दिसू लागली होती.

तिनं आधी बैलाचा आसरा घेतला.

"बांड्या, घरी नोको चालू रे! चांद्याले चाल!"

सोमाजी हसला. "बांड्या, बाईले सांग, काम झालं म्हना. घरी जाऊन चहा मांड म्हना."

"बांड्या, काम नाई झालं म्हना!"

"बांड्या, म्या माह्या कानानं आयकलं म्हना."

बांड्या दोघांचंही ऐकून घेत घराकडे चालला होता. तेवढ्यात मुखरूला पुन्हा ओकारी आली. ती थांबल्यावर त्याची मान एका बाजूला कलली. भागीरथानं त्याचा हात धरला. हात गार होता. लाज, रीत, भासरा, सगळं तिच्या डोक्यातून निघून गेलं. तिनं पदर मागे टाकला आणि पुढे वाकून कासरा धरला.

"भाऊ, बंडी फिरवा. तो आवाज तुमच्या भावाचा नोहता. माहा होता."

सोमाजीनं मागे वळून पाहिलं नाही. त्यानं खाली उडी टाकली आणि बांड्याची वेसण धरली. बांड्या अडला. आवाज झाला होता, म्हणजे घरी जायचं, नियम तो नियम. शेपूट पिरगाळावं, तर बांड्याचं शेपूट नावापुरतंच. शेवटी सोमाजीनं त्याला अक्षरशः ओढत फिरवला आणि जोडी चांद्याच्या वाटेनं पळवली. भागीरथा पदरात तोंड खुपसून रडत राहिली. त्यात भीती किती आणि लाज किती, ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

डॉक्टरांनी मुखरूच्या नाकातून नळी घातली, बाटलीतून सलाईन चढवलं.

"वेळेवर आणलंत," ते म्हणाले. "घरी घेऊन बसला असता, तर हाती लागला नसता."

सोमाजीनं मान खाली घातली आणि तो बैलांकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दवाखान्याच्या खिडकीबाहेर, चिंचेखाली बैलांना तणस घालत होता. आत मुखरूनं कूस बदलली आणि आवाज झाला. लांबलचक, खणखणीत. शेजारच्या खाटांवरचे रोगीसुद्धा हसले. बाहेर बांड्यानं कान टवकारले आणि तो आपणहून बंडीकडे निघाला.

सोमाजीनं त्याचं दावं धरलं. रीतीप्रमाणे खिडकीकडे पाठ केली, डोळे पुसले आणि आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला,

"थांब बांड्या. पयले बाईले इचार, आताचा कोनाचा होता?"