एका मताने

"तू त्याला मारलंस?" व्हर्नाने नवऱ्याला विचारलं.

"ढकललं फक्त," हेडली म्हणाला. "दुकानात, बटाट्याच्या पोत्यांवर पडला."

"सिलासला?"

"मग काय करू? वर तोंड करून मलाच विचारतो, काम मिळालं का म्हणून. गावाच्या पोटावर पाय यानेच आणायचा आणि चौकशीही यानेच करायची!"

व्हर्नाने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि ती पुन्हा पाव कापायला लागली.

गल कोव्ह या बेटावरच्या गावातला मासळीचा कारखाना उन्हाळ्यात बंद पडला. मालकाने कामगारांपुढे सरळ सवाल टाकला होता. कमी पगारावर राबायचं कबूल करा, नाहीतर टाळं ठोकतो. चर्चच्या हॉलमध्ये सभा भरली. सिलास बाकावर चढून ओरडला, "एक सेंटसुद्धा सोडू नका! नुसती भीती घालतोय तो!" मग गुप्त चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. अवघ्या एका मताने 'नको' जिंकलं.

मालक नुसती भीती घालत नव्हता.

त्यानंतर गावात कुणालाही विचारा, त्याने 'हो'च लिहिलेलं. मग 'नको'च्या एवढ्या चिठ्ठ्या काय समुद्रपक्ष्यांनी टाकल्या? पण सिलासचं ओरडणं सगळ्यांनी ऐकलं होतं. तेवढं पुरलं. त्याच्या दारात कुणीतरी सडके मासे ओतले. लोक त्याला पाहून रस्ता बदलू लागले. हेडलीही बदलू लागला. दोघं एकाच धक्क्यावर पोहायला शिकलेले, एकाच टेबलाशी उभं राहून कॉड मासे कापता कापता म्हातारे होत आलेले. म्हणूनच हेडलीचा राग जास्त होता.

काम मिळत नव्हतं. पलीकडच्या खाडीतल्या कारखान्याने "पुढच्या मोसमात बघू" म्हणून वाटेला लावलं. सरकारी ऑफिसातल्या मुलीने कॉम्प्युटरचा वर्ग सुचवला. ती गोड बोलत होती, पण बर्फाच्या पाण्यात राबून हेडलीची बोटं वाकडी झाली होती. एका बोटाने तीन तीन कळा दाबल्या जायच्या. शेजारची पोरं तोंड लपवून हसायची. त्याने वर्ग सोडला.

मग तो दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचा. माशांची आतडी मिळेनाशी झाली तेव्हा पक्षीदेखील धक्क्यावरून उडून गेले.

"माझा भाऊ तिकडं पश्चिमेला, आल्बर्टात आहे," एकदा जेवताना व्हर्ना म्हणाली. "तेलविहिरींवरच्या कामगारांच्या वस्तीत. तिथल्या भटारखान्यात माणसं हवीच असतात. आपल्या दोघांनाही घेतील."

"भांडी घासायला?"

"मासे घासतच होतास की."

"आणि घर? घर कोण घेणार इथं?"

"कुणीच नाही. फळ्या ठोकू आणि निघू."

"तुला काहीच वाटत नाही, व्हर्ना?"

"मला काय वाटायचंय? तू म्हणशील तसं."

व्हर्ना मूळची इथली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा माशांच्या वासाने तिला घास उतरत नसे. "दोन हिवाळे काढू, मग शहरात जाऊ," असं हेडलीने तिला सांगितलं होतं. पुढे मुलगी झाली, कारखान्यात व्हर्नालाही काम मिळालं, आणि तो विषय कधी निघाला नाही. मुलगी मोठी होऊन टोरांटोला गेली. कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. व्हर्नाने हातमोजे धुऊन वाळत घातले आणि घरी येऊन रात्रीच्या रश्शासाठी कांदा चिरला. हेडलीला तिचा मोठा आधार वाटला. आपण कोसळलो, पण ही उभी आहे.

ऑक्टोबरात त्याने मन घट्ट केलं. घट्ट कसलं, दुसरी वाटच उरली नव्हती.

दुपारच्या बोटीने गाडीसकट बेट सोडायचं होतं. त्या दिवशी सकाळी तो खिडक्यांवर फळ्या ठोकत होता. वरच्या खिडकीला हात पुरेना. मदतीला गावातलं कुणी आलं नाही. ज्याला त्याला आपापल्या खिडक्यांवर फळ्या ठोकायच्या होत्या. तेवढ्यात सिलास खांद्यावर शिडी घेऊन आला. शिडी लावून वर चढला आणि त्याने फळी धरली.

दोघांनी शेवटची खिडकी बंद केली. मग हेडलीला राहवेना.

"सिलास, एकदाच सांग. खरंच पटलं होतं म्हणून 'नको' लिहिलंस, की नुसती खुमखुमी?"

सिलासने तोंडातले खिळे काढून खिशात टाकले.

"मी 'हो' लिहिलं."

"काय?"

"ओरडलो खरा. पण पेन्सिल हातात आली आणि वाटलं, या वयात मला कोण काम देणार? लिहून टाकलं 'हो'."

"मग इतके दिवस शिव्या कशाला खाल्ल्यास, गाढवा?"

"सांगून कुणाला पटलं असतं? तुला पटलं असतं?"

हेडलीला माफी मागायची होती, ती जमली नाही. त्याने सिलासच्या दंडाला धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"जा आता," सिलास म्हणाला. "तिकडं थंडी कोरडी असते म्हणतात. छाती झाकून राहा." शिडी उचलून तो उतारावरून निघून गेला.

व्हर्ना डोक्याला रुमाल बांधून केव्हाची गाडीत बसली होती. काच खाली होती. हेडली आत येऊन बसला. स्टिअरिंगवर हात ठेवले, पण गाडी सुरू केली नाही.

"ऐकलंस ना? सिलास नव्हता तो," तो म्हणाला. "एका मताने गाव उठलं, व्हर्ना. सगळं गाव! ज्याने कुणी ती चिठ्ठी टाकली, त्याला रात्री झोप तरी कशी लागत असेल?"

"मला लागते," व्हर्ना म्हणाली. "चल, बोट चुकेल."