निळ्या दांड्यावरचा ओरखडा

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: मनोरीतलं एक कौलारू घर, ओट्याला टेकवलेली निळी सायकल आणि तिच्यापुढे पाटावर बसलेले जॉनी आजोबा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात बारीक ब्रश. शेजारी नात लिओना, रंगाचा डबा धरून.

सायकल लिओनाच्या मोठ्या भावाची, इयानची.

"आधी पॉलिश पेपरने घासायचं," आजोबा म्हणाले. "मग पुसायचं. मग रंग, तोही पातळ. घाई केली की ओघळ येतो."

"माहितेय. शिकवलंय तुम्ही."

"कधी?"

लिओना डब्यातला रंग ढवळत राहिली.

"पण हे ओरखडे पाडतं कोण?" आजोबा करवादले. "संध्याकाळच्या बोटीने इयान येईल, सायकल बघेल आणि म्हणेल, म्हातारा नुसता झोपा काढतो वाटतं!"

"शेळ्या अंग घासतात, आजोबा."

"शेळी काय चावी घेऊन फिरते? केवढा सरळ ओरखडा आहे बघ! गल्लीतली टवाळ पोरं ती. एक जरी सापडला ना, कान उपटतो."

लिओनाने हात फ्रॉकच्या खिशात घातला.

तिची आई जॅकलिन चहा घेऊन बाहेर आली.

"आजपण काळा झगा?" आजोबा म्हणाले. "अगं, पोरगा घरी येतोय. लाल काहीतरी घाल ना!"

"बाकीचे धुवायला टाकलेत, पप्पा." कप ठेवून ती पटकन आत वळली.

एकेक ओरखडा निळ्याखाली गेला. सीटजवळचा तेवढा उरला.

"सावकाश, आजोबा. ओघळ येईल."

"मलाच शिकवतेस?" आजोबा हसले. ब्रशचं टोक टेकलं, फिरलं, उचललं. "झालं! झकास. मी बूट घालतो. धक्क्यावर जाऊ त्याला आणायला."

ते गुणगुणत आत गेले.

मागच्या वेळीही ते असेच धक्क्यावर गेले होते. बोट रिकामी झाली तरी हलेनात. शेवटी मासे विकणाऱ्या लूर्डसबाईने त्यांचा हात धरला. "जॉनीकाका, किती वेळा सांगायचं? इयान गेला. तुम्हीच खांदा दिलात ना त्याला?" आजोबा तिथेच मटकन बसले आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ओक्साबोक्शी रडले. रात्रभर रडले. सकाळी उठून त्यांनी हसत विचारलं, "इयान आज येतोय ना? सायकल कुठाय त्याची?"

आतून बुटांचा आवाज आला.

लिओनाने खिशातून चावी काढली. डोळे मिटले, मनातल्या मनात भावाला 'सॉरी' म्हटलं आणि निळ्या दांड्यावर चावी जोरात, सरळ ओढली.

"आजोबा," तिने हाक मारली, "एक राहिलाय बघा."