लोमेतला लेखक

"परदेशात राहून सगळ्यात जास्त काय आठवतं, काका?" एनामनं कॅमेऱ्यामागून विचारलं.

"गावचा समुद्र," म्हातारा आग्बेको म्हणाला आणि ओठ दाबूनही हसलाच.

"कट! काका, हसताय काय? मायदेशाला मुकलेला माणूस आहात तुम्ही!"

"मग देलाला सांग, रश्श्याचं भांडं झाकून ठेव. वास आला की तोंड आपोआप हसतं."

दारातून देला कडाडली, "सात वर्षं माझ्या घरात बसून खाताय, मास्तर, तरी जिभेचे चोचले संपत नाहीत! आजची पानं लिहून झाल्याशिवाय मासा मिळायचा नाही."

सात वर्षांपूर्वी आग्बेकोनं देशाची सत्ता बळकावलेल्या जनरलवर कादंबरी लिहिली होती. शिपाई पुढच्या दारानं आत घुसले तेव्हा तो मागच्या दारानं पसार झाला. हद्द ओलांडून तो शेजारच्या देशात, लोमेला पळाला, असं शेंबडं पोरही सांगे. लिहिणं मात्र त्यानं सोडलं नाही. बंदी असलेली त्याची पुस्तकं मायदेशात हातोहात फिरत.

आता पॅरिसला शिकून आलेली एनाम त्याच्यावर माहितीपट करत होती. जनरलची माणसं तो डोळ्यांत तेल घालून बघणार, हे उघड होतं. घर ओळखू आलं की म्हाताऱ्याचा खेळ खलास. म्हणून सगळ्या खिडक्या बंद होत्या. टेबलावर फ्रेंच वर्तमानपत्र आणि लोमेचा लांबडा पाव होता. एनामच्या जिवाला घोर लागला होता, आणि आग्बेको त्या पावाचे तुकडे मोडून खात होता.

तेवढ्यात किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्यांचं गाणं सुरू झालं. बंद खिडक्यांतूनही ते आत आलं.

एनामनं कपाळाला हात लावला. "झालं! याच्यावरून पत्ता काढतील."

"राहू दे. आपले कोळी मासळीमागे कोटोनूपासून आबिजानपर्यंत, चार देशांच्या किनाऱ्यांवर जातात. जाळं कुठेही ओढोत, गाणं हेच."

"तुमच्या जिवाशी खेळ आहे, काका."

"जीव माझा आहे ना? गाणं ठेव. माझं सगळं लिहिणं त्याच्याच तालावर झालंय, पोरी."

गाणं राहिलं.

माहितीपट देशोदेशी गाजला. मोठं बक्षीस मिळालं, जुनी कादंबरी नव्या भाषांत छापली गेली. रेडिओवर बातमी ऐकून देला पळी हातात घेऊनच नाचली. आग्बेकोचा ऊर भरून आला. त्यानं त्याच आठवड्यात नवी कादंबरी पुरी केली.

जनरलच्या कप्तानानंही माहितीपट पाहिला, पुन्हा लावून पाहिला. गाणं ऐकताच त्यानं मांडीवर थाप मारली. लोमेच्या किनाऱ्यावरचा कोळीवाडा! निवडक माणसं साध्या कपड्यांत घेऊन तो निघाला.

त्या संध्याकाळी आग्बेकोला घरात राहवेना. तो किनाऱ्यावर गेला आणि इतरांबरोबर त्यानं जाळ्याचा दोर धरला. थोड्या वेळानं मागे वाळूत बूट वाजले. त्यानं वळून पाहिलं. जनरलच्या फौजेच्या गणवेशातला एक शिपाई थेट त्याच्याकडे येत होता.

शिपायानं बंदूक होडीला टेकवली, बाह्या सरसावल्या आणि आग्बेकोच्या मागे दोर धरला.

"काका, आपल्या गावची चौकी आज रिकामी," तो जोर लावत म्हणाला. "कप्तानसाहेब तुम्हाला धरायला लोमेला गेलेत."