न आलेलं बोलावणं

फुटबॉल संघ खालच्या श्रेणीत घसरला, त्या शुक्रवारी सकाळी मलेशियातल्या केलांतानमधल्या एका कॉफीच्या दुकानात प्रत्येक टेबलावर एकच वाद चालला होता: प्रशिक्षक म्हणून कुणाला आणायला हवं होतं?

"तो ब्राझीलवाला परवडला असता," हाशिम म्हणाला.

"त्याला इथला उकाडा महिनाभर सोसला नसता," रोस्लान म्हणाला. "आपलं चुकलं ते बारा वर्षांपूर्वी." त्यानं समोर बसलेल्या म्हाताऱ्या झवावींकडे बोट केलं. शाळेत खेळ शिकवायचे म्हणून सगळे त्यांना अजून 'चेगू' म्हणत. "शाळेची पोरं घेऊन या माणसानं तीनदा राज्याचा करंडक आणला. आणि क्लबच्या शहाण्यांनी परदेशातून माणूस उचलला. चेगू, खरं सांगा, तुम्हाला कुणी साधं विचारलंसुद्धा नाही?"

झवावींनी कॉफी ढवळली.

"नाही रे," ते म्हणाले. "मला कोण विचारतंय."

हेच ते बारा वर्षांपूर्वी बायकोला, मेक याहलाही, म्हणाले होते, इस्पितळात, तिच्या खाटेपाशी बसून. प्रशिक्षकपदासाठी बोलावणारं क्लबचं पत्र तेव्हा त्यांच्या खिशात होतं, आणि जमणार नाही असं अध्यक्षांना सांगून ते नुकतेच परतले होते. त्यानंतर मेक याह जेमतेम तीन आठवडे जगली. शेवटपर्यंत ती त्या अध्यक्षांच्या नावानं बोटं मोडत राहिली. आपल्या दुखण्यापायी नवऱ्याची संधी गेली, हे तिला कधीच कळलं नाही.