ठेंगणा माळ

कालव्यावर मोटर धडधडत होती, पण कोऱ्हाळ्याच्या माळावरच्या नव्या नळाला थेंब येत नव्हता. पूजेची कळशी घेऊन आत्या ताटकळली होती. मी लॅपटॉप उघडला. माळाची उंची मीच मोजली होती, मीटरमध्ये. योजनेचा नकाशा करणाऱ्या, आता शेजारीच उभ्या असलेल्या सुयशसरांनी ते आकडे फूट समजून सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे मीटर केले. साठ मीटरचा चढ नकाशात अठराच उरला आणि मोटरही तेवढ्याच ताकदीची बसवली. "सर, आकड्यांवर मीटर लिहिलं होतं. वाचायचं तरी." "अगं, एक क्लिक चुकलं. संध्याकाळपर्यंत नकाशा दुरुस्त करतो." शिवी ओठांवर आली. "काय झालं गं?" आत्यानं विचारलं. "सरांनी कॉम्प्युटरात आपला माळ ठेंगणा केला. पाणी तेवढंच चढतंय." आत्यानं हळदकुंकू लावलेली रिकामी कळशी सरांच्या हातात दिली आणि खालच्या कालव्याकडं बोट दाखवलं. "मग भरून आना सायेब. तुमच्या नकाशात लई चढ न्हाय."