तिसरी सुई

"तार तुटली," डॉक्टर हांदोको म्हणाले, आणि कॅथलॅबमधले सगळे एक्स-रेच्या पडद्याकडे वळले.

टेबलावर बू लारसिह टक्क जाग्या होत्या. गामेलानच्या, म्हणजे जावातल्या घंटा-झांजांच्या ताफ्यात चाळीस वर्षं गायलेली बाई. सोलो शहरात लग्न असो की चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ, गळा त्यांचाच लागे. सकाळी तालमीत छातीत कळ आली आणि अंबाड्यातल्या मोगऱ्यासकट त्यांना उचलून इथं आणलं. हृदयाची मोठी रक्तवाहिनी बंद पडली होती.

पहिली तार अडथळ्यातून जाईना, म्हणून डॉक्टरांनी ती ओढून काढली आणि दुसरी घातली. ती गेली. आता फुगा घालायचा म्हणून कॅमेरा तिरका केला, तर पडद्यावर तीन बारीक काळे तुकडे! पहिल्या तारेचं टोक पार चेमटलं होतं. ते पुरतं बाहेर आलंय, हे खात्रीनं कोण सांगणार? तुकडा आत राहिला असेल तर आधी तो शोधायचा. त्यात अर्धा तास सहज जाणार, आणि बाईंच्या हृदयाला तेवढी सवड नव्हती.

"डॉक्टर, तारेला दोन्हीकडून टोक असतं होय?" सिस्टर वुर्यानींनी हळूच विचारलं.

"सिस्टर, कोडी नका घालू हो. इथं एकेक मिनिट मोलाचं आहे."

"म्हणून तर म्हणते, नीट बघा. हे दोन तुकडे दोन्हीकडून टोकदार आहेत, म्हणजे सुया. सोन्याच्या. कातडीखाली."

डॉक्टर जाकार्ताचे, वयानं लहान. सुसूकबद्दल त्यांनी ऐकलं होतं. मंतरलेली सुई, रूपासाठी नाहीतर गळ्यासाठी टोचून घेतात, आणि घेतली म्हणून कुणी कबूल करत नाही. डोळ्यांनी मात्र ते आजच बघत होते.

"आणि तिसरा?"

तिसऱ्याचं टोक कॅमेऱ्याकडे होतं, त्यामुळं तो नुसता ठिपका दिसत होता. बाईंना धाप इतकी लागलेली, की कॅमेरा कसाही फिरवला तरी तो आत रक्तवाहिनीत आहे की वर कातडीखाली, कळेना.

वुर्यानी बाईंच्या कानाशी वाकल्या. "बू, गळ्यासाठी काही करून घेतलंय का?"

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "नाव घेतलं की गळा जातो, पोरी. मग जगून तरी काय करू?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, जीव जातोय आणि हे काय घेऊन बसलात! वुर्यानी तसं काही बोलल्या नाहीत. मानलं पाहिजे त्या सिस्टरला. त्यांनी आपलं बोट बाईंच्या मुठीत दिलं.

"नका घेऊ नाव. तोंड उघडूच नका. जितक्या असतील तितक्या वेळा दाबा."

बाईंनी एकदा दाबलं. परत एकदा दाबलं. मग मूठ तशीच राहिली. डॉक्टर पडदा सोडून त्या मुठीकडे बघत होते. बाईंनी डोळे गच्च मिटले आणि तिसऱ्यांदा दाबलं.

"तीन," वुर्यानी म्हणाल्या. "तार शाबूत आहे, डॉक्टर. घाला तो फुगा!"

मग मात्र त्या पोरसवदा डॉक्टरचा हात असा चालला, की बघत राहावं. फुगा फुगला, जाळी बसली, रक्त सळसळत पुढं धावलं. बाईंच्या ओठांवर रंग आला.

"डॉक्टर," त्यांनी घाबरतच विचारलं, "काय काय दिसलं हो आत?"

"एक जाळी दिसली. ती मीच बसवलीय," हांदोको हातमोजे काढत म्हणाले. "बाकी मी काही विचारलं नाही, तुम्ही काही बोलला नाहीत."

 बाईंनी ओठ ओले केले आणि खालचा एक सूर धरून पाहिला. तो फाटला. 

बाईंनी श्वास घेतला आणि तोच सूर पुन्हा लावला. वुर्यानींनी हात लांब करून मॉनिटरचा टुकटुक आवाज बंद केला.