सत्तेचाळीस नंबरचा दगड

मूल गाव मागं पडलं आणि गाडी एका खड्ड्यात आदळली. डिक्कीत काहीतरी जड गडगडलं.

"स्टेपनी सुटली वाटते," पुढच्या सीटवरून देवराव म्हणाला.

"स्टेपनी दोरीनं बांधली हाये, भाऊ," लटारू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला.

देवराव गाइड होता. वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरात, इंजिनीअर लोकांकडे पाहुणे आले की लटारूच्या अँबॅसिडरमधून तो त्यांना मार्कंड्याची देवळं दाखवून आणायचा. आजचे पाहुणे मुंबईचे, पेंढारकर साहेब आणि त्यांच्या बाई.

दुपारी साहेब देवळामागून आले तेव्हा त्यांच्या हातात टॉवेलचं बोचकं होतं. नदीवर पाय धुतले, टॉवेल भिजला, असं ते आपणहून म्हणाले. विचारलं कोणीच नव्हतं. तेव्हाच खटकायला हवं होतं. पण पाहुण्यावर शंका घ्यायची नाही, ही देवरावाची खोड. भिजला टॉवेल कधी गडगडतो का?

देवळामागं लिंबाखाली फुटक्या मूर्तींचे तुकडे रचून ठेवलेले होते, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर. सोमवारी सकाळी त्यांची मोजणी व्हायची. एक जरी कमी भरला तर राखणदार नानाजी घरी बसणार. आणि नानाजी म्हणजे देवरावाच्या बायकोचा सख्खा भाऊ, पाच पोरांचा बाप. देवरावाचे पाहुणे आले म्हटलं की तो निर्धास्त पाठ फिरवून चहा मांडायचा. आजही त्यानं तेच केलं होतं.

पुढं चार किलोमीटरवर फॉरेस्टचा नाका. सागवानाच्या चोरीपायी तिथं प्रत्येक डिक्की उघडत. दगड निघाला तर साहेब काय म्हणणार हे देवरावाला पाठ होतं. गाइडनंच विकला म्हणतील. मग ऐकणार कोणाचं, साहेबाचं की याचं? आणि आत्ता तोंडावर विचारावं तर साहेब साफ कानावर हात ठेवणार, वर ऊर्जानगरात जाऊन सांगणार की गाइडनं चोर म्हटलं.

तेवढ्यात लटारूनं गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला माणसाच्या छातीएवढा दगडांचा ढीग होता.

"आता काय?" साहेब खेकसले.

"इथी दगड टाकल्याशिवाय पुढं जात नाई, साहेब." लटारूनं सीटखालून एक दगड काढला, चपला गाडीतच सोडल्या आणि अनवाणी उतरला.

बाईही उतरल्या. "कसला ढीग आहे हा?"

"एका बाईले मोठ्या जनावरानं नेलं इथून," देवराव म्हणाला. "मोहफुलं वेचाले आली होती. तेव्हापासून येणारा-जाणारा एक दगड टाकते. पण इथला उचलून चालत नाई, आपल्यासंग आणलेला लागते. अन् एकदा टाकला का कोणी परत घेत नाई."

"वाघानं नेलं?"

"नाव नोका घेऊ, बाई," ढिगाजवळून लटारू म्हणाला.

बाई ओशाळल्या. "मलाही टाकायचाय. पण मी कुठून आणू आता?"

होईल ते होवो, असं मनाशी म्हणून देवराव बोलला. "हाये ना, बाई. साहेबानं मार्कंड्याहून आणला हाये. डिक्कीत ठेवला."

"ए, काय बडबडतोस?" साहेब दार उघडून खाली आले. पण बाई केव्हाच डिक्कीपाशी पोचल्या होत्या. नवऱ्यानं आपल्या आधीच काहीतरी आठवणीनं केलं, याचंच त्यांना अप्रूप वाटत होतं. लटारूनं डिक्की उघडली. बाईंनी टॉवेल सोडला.

आत एका दगडी बाईचा चेहरा होता. नाक थोडं झिजलेलं, डोळे अर्धे मिटलेले. कानामागं पांढऱ्या रंगात सत्तेचाळीस.

बाईंनी तो आकडा वाचला. मग नवऱ्याकडे पाहिलं. साहेब झाडांकडे बघत होते, मानेपर्यंत लाल झालेले. देवरावाला वाटलं, आता त्या काहीतरी विचारतील आणि सगळं फिसकटेल. पण त्या पुढं वाकल्या. दोन्ही हातांनी तो चेहरा उचलला, ढिगावर आभाळाकडे तोंड करून ठेवला आणि हात जोडले.

नाक्यावर गाडी थांबली.

नाकेदारानं डिक्कीत वाकून पाहिलं. स्टेपनी होती आणि ओला टॉवेल होता. "जाऊ द्या," म्हणून तो बांबू उचलायला गेला.

देवराव सुटकेनं खाली उतरला. पण एका फासातून सुटून तो दुसऱ्यात अडकला होता. दगड साहेबाच्या हातून सुटला खरा, पण बसला जाऊन ढिगावर. आणि परवा सोमवार.

"लटारू," डिक्कीपाशी उभा राहून तो म्हणाला, "उद्या मले तो दगड उचला लागते. नानाजीच्या पोटाचा सवाल हाये. लागलं पाप तं लागू दे."

लटारू स्टेपनीची दोरी आवळत होता. "तू नोको उचलू. मी उचलतो."

"अन् तुले नाई लागत पाप?"

"मले काऊन लागंल? ज्या बाईले इथून नेलं, ते माय हाये माही." लटारूनं गाठ मारली. त्यानं आवाज काही खाली आणला नाही. "तिनं जिंदगीत दुसऱ्याची चीज आपल्या घरात ठेवून घेतली नाई."

मागच्या सीटवर, एवढ्या उकाड्यात, साहेबांनी काच वर केली.